पडदा आणि टेबल : मुंबईतील जागतिक सिनेमाच्या आस्वादाचा इतिहास

परदेशी चित्रपटांची आवड ही व्यक्तीच्या रुचीची बाब आहे, नजर तयार झाली आणि वाचन वाढले की ती आपोआप लागते, असे सर्रास मानले जाते. मुंबईचा सव्वाशे वर्षांचा अनुभव मात्र या समजाला पुरता दुजोरा देत नाही. या शहरात कोणत्या देशाचा चित्रपट कोणी पाहायचा, हे तीन गोष्टींनी ठरत आले : चित्रपटाची प्रत कोणत्या नियमांखाली बंदरात उतरते, ती दाखवण्यासाठी सभागृह कोण देतो, आणि खेळ सुटल्यावर पाहिलेल्या चित्रपटाविषयी बोलत बसायला खिशाला परवडेल असे टेबल जवळपास कुठे मिळते. प्रत, सभागृह आणि टेबल यांपैकी एकाची जागा हलली की प्रेक्षकाची रुचीही हलली. 'जागतिक सिनेमा' ही संज्ञा आज भारतात हॉलिवुड आणि भारतीय चित्रपट वगळून उरलेल्या देशांच्या, विशेषतः दिग्दर्शकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रपटांसाठी वापरली जाते. पण हा अर्थसुद्धा नंतरचा आहे आणि तो कसा घडला हे समजण्यासाठी आरंभापर्यंत मागे जावे लागते.

हॉटेलातून सुरुवात

चित्रपटाचा आणि खानपानाच्या जागेचा संबंध पहिल्या दिवसापासूनचा आहे. ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये तिकीट लावून जो पहिला खेळ केला, तो नाट्यगृहात झाला नव्हता, तर 'ग्रां कॅफे' या उपाहारगृहाच्या तळघरातील एका दालनात झाला होता, आणि त्या दालनाचे नाव योगायोगाने 'सालों इंदियें' म्हणजे 'भारतीय दालन' असे होते. तिकीट एक फ्रँक होते आणि पहिल्या दिवशी ३३ लोकांनी ते काढले. त्यानंतर जेमतेम सहा महिन्यांनी, ७ जुलै १८९६ रोजी, ल्युमिएरांचा प्रतिनिधी मारियुस सेस्तिए याने ऑस्ट्रेलियाला जाता जाता मुंबईत मुक्काम करून सहा चित्रफिती दाखवल्या, त्याही काळा घोडा परिसरातील वॉटसन हॉटेलात. प्रत्येक चित्रफीत मिनिटभराच्या आतबाहेरची होती आणि तिकीट एक रुपया होते.

इंग्लंडमध्ये ओतलेल्या बिडाच्या सांगाड्यावर उभे असलेले हे हॉटेल युरोपीय पाहुण्यांसाठी चालवले जात असल्यामुळे पहिल्या खेळाचा प्रेक्षकवर्ग हॉटेलच्या दारानेच निवडला, असे म्हणता येते. मात्र आठवडाभरातच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तेथे चित्र पालटले. दोन रुपयांपासून खाली चार आण्यांपर्यंत तिकिटाच्या पायऱ्या लावण्यात आल्या आणि पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र बॉक्स राखून ठेवण्यात आले. वस्तू तीच, चित्रफिती त्याच. पण जागा आणि दर बदलताच त्या साहेबांच्या करमणुकीतून शहराच्या करमणुकीत आल्या.

परदेशी चित्रफितींनी मुंबईकरांना प्रेक्षक तर केलेच, शिवाय काहींना निर्मातेही केले. सावेदादा या नावाने ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथील कुस्ती चित्रित केली. पुढे गिरगावच्या 'अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस'मध्ये ख्रिस्तजीवनावरील मूकपट पाहून धुंडिराज गोविंद फाळके यांच्या मनात भारतीय पुराणकथा पडद्यावर आणण्याची कल्पना रुजली, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्याच कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' झळकला. भारतीय चित्रपटाची सुरुवात अशा रीतीने परदेशी चित्रपटाच्या प्रेक्षकातून झाली.

मूकपटांची मोकळी दारे

पुढच्या दोन दशकांत मुंबईचा जवळजवळ सगळाच सिनेमा 'जागतिक' होता, फक्त त्याला तसे कोणी म्हणत नव्हते. टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये सरकारने नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीपुढे जी माहिती आली, तीनुसार १९२६-२७ या वर्षी भारतात प्रदर्शित झालेल्या कथापटांपैकी केवळ १५ टक्के भारतीय होते. उरलेल्यांत अमेरिकी चित्रपटांचा वाटा मोठा होता. ब्रिटिश साम्राज्यात तयार होणाऱ्या चित्रपटांना झुकते माप द्यावे ही सूचना समितीने स्वीकारली नाही. अमेरिकी नट डग्लस फेअरबँक्सचा 'द थीफ ऑफ बगदाद' हा या काळातला सर्वांत लोकप्रिय चित्रपट असल्याचे समितीला आढळले. चॅप्लिनची विनोदी चित्रे आणि एडी पोलोच्या साहसी मालिका यांनाही मोठा प्रेक्षकवर्ग होता.

या मोकळेपणाचे कारण तंत्रात होते. मूकपटाला संवाद नसल्याने भाषेची भिंत नव्हती. मधल्या पाट्या एकाहून अधिक लिपींत असत आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी शेजारचा प्रेक्षक त्या मोठ्याने वाचून दाखवी. ग्रँट रोडजवळच्या ज्या भागाला 'प्लेहाऊस' या शब्दावरून लोकांनी 'पिला हाऊस' करून टाकले, तेथे पूर्वीच्या पारशी आणि उर्दू नाटकांच्या रंगमंचांवरच पडदे टांगले गेले आणि नाटकाचा, तमाशाचा, सिनेमाचा प्रेक्षक एकमेकांत मिसळला. पडद्यासमोर वाद्यवृंद बसे, आणि त्यात चर्चच्या संगीतशाळांत स्वरलिपी शिकून आलेल्या गोमंतकीय वादकांची संख्या मोठी असे. धोबीतलावच्या आसपास गावोगावच्या 'कूडां'त, म्हणजे गोमंतकीयांनी आपापल्या गावाच्या नावाने चालवलेल्या सामाईक वसतिगृहांत, यांतले अनेक जण उतरत. शहराला पावाची सवय लावणाऱ्या भट्ट्यांवर आणि हॉटेलांच्या मुदपाकखान्यांतही गोव्याची माणसे होती. मुंबईच्या परदेशी करमणुकीचा सूर आणि तिच्या ताटातला पाव हे दोन्ही असे एकाच वाटेने आले होते.

बोलपटाने घातलेली भिंत

'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये प्रदर्शित झाला आणि पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला. चित्रपट बोलू लागताच प्रेक्षक भाषेप्रमाणे वाटला गेला : हिंदी आणि मराठी बोलपट गिरगाव, ग्रँट रोड आणि गिरणगावाकडे गेले, तर इंग्रजी बोलपट कोटाच्या परिसरातील मोजक्या चित्रपटगृहांत एकवटले. चार आण्यांत फेअरबँक्स पाहणारा कामगार परदेशी चित्रपटाला मुकला, कारण आता तो समजण्यासाठी इंग्रजी लागत होते. वादकांचेही काम गेले, आणि त्यांतले बरेच जण स्टुडिओंच्या वाद्यवृंदांत किंवा हॉटेलांच्या जाझ बँडमध्ये दाखल झाले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक अँटोनियो झेवियर वाझ हे पुढे या दोन्ही जगांत वावरणाऱ्यांपैकी एक होते.

इंग्रजी बोलपटांसाठी जी नवी चित्रपटगृहे उभी राहिली, त्यांनी ही भिंत देखणी केली. कुलाब्याच्या तोंडाशी १९३३ मध्ये उघडलेले रीगल हे व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुकार फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचे पुत्र चार्ल्स स्टीव्हन्स यांनी आखले होते. त्यात वातानुकूलन होते आणि मोटारींसाठी तळघर होते, ही दुसरी सोय कोणत्या प्रेक्षकासाठी होती हे वेगळे सांगायला नको. चर्चगेट स्थानकासमोर कंबाटा कुटुंबाने सोराबजी भेदवार यांच्याकडून आखून घेतलेले इरॉस १९३८ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी धोबीतलावजवळ मेट्रो उघडले. ही वास्तुशैली 'आर्ट डेको' म्हणून ओळखली जाते : सरळ चढत जाणाऱ्या रेषा, गोलावलेले कोपरे, भौमितिक नक्षी आणि काँक्रीटचा मोकळा वापर ही तिची लक्षणे.

या तिघांत मालकीचा फरक मात्र महत्त्वाचा आहे. मेट्रो हे अमेरिकेतील एमजीएम या चित्रसंस्थेचे स्वतःचे घर होते आणि तेथे तिचेच चित्रपट लागत. रीगल आणि इरॉस ही स्थानिक पारशी मालकांची, म्हणजे आजच्या भाषेत स्वतंत्र चित्रपटगृहे होती. स्वतंत्र चित्रपटगृह म्हणजे जे कोणत्याही साखळीचा किंवा निर्मितीसंस्थेचा भाग नसते आणि ज्याचा मालक कोणता चित्रपट लावायचा हे वितरकाशी बोलून स्वतः ठरवतो. पुढे महोत्सवांना, दूतावासांच्या खास खेळांना आणि सकाळच्या जादा खेळांना अशा मालकांच्या दारी जागा मिळाली, ती या स्वातंत्र्यामुळे.

कोपऱ्यावरचा इराणी

चित्रपटगृहांच्या या नकाशावर दुसरा एक नकाशा अगोदरच अंथरलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी इराणच्या यझ्द आणि केरमान भागांतून जाच आणि दुष्काळ यांना कंटाळून झरतुष्ट्री लोक मुंबईत आले. शतकांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर उतरलेल्या पारशांपासून वेगळे ओळखता यावेत म्हणून त्यांना 'इराणी' म्हटले जाऊ लागले आणि त्यांच्या चहाच्या दुकानांनाही तेच नाव पडले. कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे परंपरेने सांगितले जाते. खरे कारण काहीही असो, दोन रस्त्यांवर उघडणारे दार धंद्याला लाभले आणि चित्रपटगृहे जेथे उभी राहिली त्या नाक्यांवर इराणी हमखास सापडू लागला. मेट्रो उघडले तेव्हा त्याच्या समोरची कयानी आणि कंपनी ही १९०४ पासूनची जुनी पेढी होती आणि पलीकडे १९१३ ची ससानियन होती. रीगलच्या शेजारचे मोंडेगार १९३२ चे, म्हणजे खुद्द रीगलहून वर्षभराने वडील.

इराण्याच्या हॉटेलातील सामान ठरलेले असे : संगमरवरी माथ्याचे टेबल, वाकवलेल्या लाकडाची काळी खुर्ची, भिंतीवर मोठा आरसा आणि गल्ल्याशेजारी बिस्किटांच्या काचेच्या बरण्या. खाण्याची यादीसुद्धा लहान होती, पण तिच्यात तीन प्रदेश एकत्र बसत. 'ब्रून' म्हणजे बाहेरून कडक, आतून मऊ असा भट्टीचा पाव. तो मधोमध चिरून त्यात मस्का भरला की ब्रून मस्का होतो. बशीत त्याचा तुकडा मोडताना कवचाचा चुरा टेबलावर सांडतो, आणि तुकडा चहात बुडवला की मस्का सुटून चहाच्या पृष्ठभागावर पिवळ्या चकत्या तरंगू लागतात. चहा 'पानी कम', म्हणजे पाणी कमी आणि दूध जास्त घातलेला दाट असेल तर चकत्या ठळक दिसतात. ब्रून युरोपीय भट्टीचा, मावा केक मुंबईच्या दुधाच्या खव्याचा, आणि खीमा किंवा अकुरी पारशी-इराणी घरातली. त्यासोबत १८६५ पासून चालत आलेल्या पालनजींच्या कारखान्याचे लाल रंगाचे रासबेरी पेय असे. आंतरराष्ट्रीय खाद्य म्हणून कोणी वेगळे नाव न देता मुंबईने ते रोजच्या सवयीत घेतले.

या टेबलाची खरी किंमत खाण्याच्या दरात नव्हती, तर बसण्याच्या सवलतीत होती. एका कपावर तासभर काढणारे गिऱ्हाईक मालकाला परवडत नसे, म्हणूनच भिंतीवर 'हे करू नये, ते करू नये' अशा सूचनांच्या पाट्या लागत. कवी निस्सीम इझिकेल यांनी धोबीतलावच्या बस्तानी या इराणी हॉटेलातील अशा पाट्यांवरून कविताच रचली. तरीही व्यवहारात विद्यार्थी, पत्रकार, चित्रकार आणि बेकार यांना टेबल मिळत राहिले, आणि पडद्यामागच्या 'फॅमिली रूम'मुळे स्त्रियांनाही हॉटेलात बसणे सोपे झाले. नाटकाच्या प्रेक्षकाला मध्यंतरातला बटाटेवडा जसा नाटकाइतकाच ठाऊक असतो, तसा इंग्रजी चित्रपटाच्या मुंबईकर प्रेक्षकाला खेळ सुटल्यानंतरचा इराणी ठाऊक होता.

याला कायद्यानेही नकळत हातभार लावला. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा आणि त्याची पूर्ण अंमलबजावणी १९५० पासूनची. युरोप-अमेरिकेत चित्रपटानंतरची चर्चा जेथे घडे, ती मद्याची जागा मुंबईत बंद किंवा परवान्याच्या आड गेली आणि तिच्या जागी चहा आला. चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या वीर नरिमन मार्गावर, कामलिंगचे चिनी जेवण आणि १९५६ मध्ये उघडलेले गेलॉर्ड अशी उपाहारगृहे जाझच्या सुरांसह चालत होती, पण त्यांचे दर इरॉसच्या बाल्कनीच्या प्रेक्षकाला साजेसे होते. इरॉसच्या खालच्या वर्गात बसणाऱ्याला इराणीच जवळचा होता.

१९५२ : प्रतींचा नवा मार्ग

स्वातंत्र्यानंतरही परदेशी चित्रपट म्हणजे हॉलिवुड हे समीकरण कायम होते, कारण वितरणाची यंत्रणा अमेरिकी कंपन्यांच्या हाती होती. ते पहिल्यांदा मोडले जानेवारी १९५२ मध्ये, जेव्हा केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने आयोजित केलेला भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २४ तारखेला मुंबईच्या न्यू एम्पायरमध्ये सुरू झाला आणि नंतर इतर शहरांत गेला. तेवीस देशांनी भाग घेतला. व्हित्तोरिओ दे सिका यांचे 'बायसिकल थीव्ह्ज' आणि 'मिरॅकल इन मिलान', रोसेलिनी यांचा 'रोम, ओपन सिटी' आणि कुरोसावा यांचा 'राशोमोन' या चित्रपटांनी प्रेक्षकांना आणि त्याहून अधिक निर्मात्यांना हलवले. युद्धोत्तर इटलीतील ज्या चित्रपटांनी स्टुडिओ सोडून रस्त्यावर, बहुधा अव्यावसायिक नटांसह चित्रण केले, त्यांना 'नववास्तववादी' म्हणतात. त्या पद्धतीची छाया बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन' या १९५३ च्या चित्रपटावर स्पष्ट पडली. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ मध्ये वाखाणल्या गेलेल्या प्रभातच्या 'संत तुकाराम'ने जो प्रवास उलट दिशेने केला होता, त्याचा परतीचा टप्पा आता घडत होता.

महोत्सव मात्र थोड्या दिवसांत संपतो आणि प्रती परत जातात. त्या वर्षभर येत राहाव्यात यासाठी वेगळी संस्था हवी होती, आणि ती म्हणजे फिल्म सोसायटी : वर्गणी भरलेल्या सभासदांसाठीच, नफ्याशिवाय, चित्रपट दाखवणारे मंडळ. मुंबईत असे प्रयत्न स्वातंत्र्यापूर्वीच झाले होते. कलकत्त्यात १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिल्म सोसायटी काढली. १९५९ मध्ये देशभरच्या मंडळांचे फेडरेशन झाले, ज्याचे अध्यक्ष राय होते आणि उपाध्यक्षांत इंदिरा गांधी होत्या. फेडरेशनने दोन गोष्टी साधल्या. दूतावासांकडून येणाऱ्या प्रती एका शहरातून दुसऱ्या शहरात फिरवण्याची साखळी त्याने उभारली, आणि सभासदांपुरत्या खासगी खेळांना सेन्सॉरच्या प्रमाणपत्रातून सूट मिळवली. ही सूट व्यावसायिक चित्रपटगृहाला नसल्याने पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, फ्रान्स आणि जपान यांचा सिनेमा भारतात मुख्यतः सभासदत्वाच्या वाटेने आला. काटछाट न झालेली दृश्ये पाहायला मिळतील या आशेनेही सभासद वाढले, हे चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले आहे.

दिवे लागले की चर्चा

मुंबईत 'फिल्म फोरम' या सोसायटीत बासू चटर्जी आणि अरुण कौल यांच्यासारखे पुढे दिग्दर्शनात आलेले कार्यकर्ते होते. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळाचे वेगळेपण असे की त्याने जागतिक सिनेमाची चर्चा मराठीत आणली; सुधीर नांदगावकर यांनी त्यात हयात घालवली आणि मंडळाच्या 'वास्तव रूपवाणी' या नियतकालिकाने इंग्रजी समीक्षेवर अवलंबून असलेल्या वाचकाला मराठी परिभाषा दिली. बोलपटाने १९३१ मध्ये घातलेली भाषेची भिंत इथे दुसऱ्या बाजूने पोखरली गेली : चित्रपट बंगाली असो वा झेक, बोलायची भाषा मराठी.

सोसायटीच्या खेळाचे स्वरूप बहुधा १६ मिलिमीटर फितीने ठरवले. व्यापारी चित्रपटगृहात ३५ मिलिमीटरची फीत असे आणि दोन प्रोजेक्टर असत; दोन हजार फुटांचे रीळ सुमारे बावीस मिनिटे चाले, संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमके, तो पाहून ऑपरेटर दुसरे यंत्र सुरू करी, आणि प्रेक्षकाला सांधा कळत नसे. भाड्याच्या सभागृहात १६ मिलिमीटरचे एकच यंत्र असेल, तर रीळ संपल्यावर खेळ थांबवून नवे चढवावे लागे आणि तेवढ्यात दिवे लागत. अनेकदा प्रत इंग्रजी उपशीर्षकांशिवाय, म्हणजे पडद्याच्या तळाशी येणाऱ्या भाषांतराच्या ओळींशिवाय, आलेली असे. मग कथानकाचा चक्रमुद्रित कागद दाराशी वाटला जाई आणि दिवे लागलेल्या त्या थोड्या वेळात तो पुन्हा उलगडला जाई. हा अडथळा होता, पण त्यामुळे चित्रपट पाहणे हे एकत्र बसून अर्थ लावण्याचे काम झाले, आणि तेच काम खेळानंतर चहाच्या टेबलावर पुढे चालू राही.

काळा घोडा परिसर या दृष्टीने लक्षणीय आहे. वॉटसनच्या त्या जुन्या इमारतीपासून थोड्याच अंतरावर जर्मन चित्रपट दाखवणारे मॅक्स म्युलर भवन, १९६४ ते २०१५ या काळात जहांगीर कलादालनात चाललेले समोवार हे उपाहारगृह आणि कवी अरुण कोलटकर ज्याच्या खिडकीशी बसत ते वेसाईड इन अशी ठिकाणे होती. प्रत, सभागृह आणि टेबल हे तिन्ही इथे हाकेच्या अंतरात सापडत.

याच सुमाराला पुण्यात या सवयीला शिक्षणाचा पाया मिळाला. प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये चित्रपटशिक्षण संस्था आली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि तेथे पी. के. नायर यांनी देशोदेशींच्या प्रती जमवल्या. सतीश बहादूर यांच्या अध्यापनातून आकारलेल्या उन्हाळी वर्गांना मराठीत 'चित्रपट रसास्वाद' हे नाव रूढ झाले. रस आणि आस्वाद हे दोन्ही शब्द जिभेवरून आलेले असल्याने ते नाव चपखल बसले, कारण वर्गात शिकवली जाणारी गोष्टही तीच होती : झटपट गिळण्याऐवजी चव ओळखणे.

बाजारातही एक विचित्र संधी आली. कमाई मायदेशी नेण्याच्या अटींवरून भारत सरकार आणि अमेरिकी चित्रपट निर्यातदारांची संघटना यांच्यातला करार १९७१ मध्ये संपला आणि १९७५ पर्यंत नवे अमेरिकी चित्रपट येणे थांबले. जुन्या प्रती पुन्हा फिरू लागल्या, आणि इतर देशांच्या चित्रपटांकडे प्रदर्शकांचे लक्ष गेले. मंत्रालयाजवळच्या आकाशवाणीच्या सभागृहात सरकारी वित्तसंस्थेच्या पुढाकाराने कलात्मक चित्रपटांचे नियमित खेळ होऊ लागले. ताटातही याच काळात असाच एक देशांतर झालेला पदार्थ आला : चिकन मंचुरियन, ज्याचे श्रेय सामान्यतः १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लबच्या मुदपाकखान्यात काम करणाऱ्या नेल्सन वाँग यांना दिले जाते आणि ज्याचा मंचुरियाशी नावापुरताच संबंध आहे. परदेशी गोष्ट मुंबईत टिकते ती मुंबईची होऊनच, हे या पदार्थाने पुन्हा सिद्ध केले.

तीन दुवे सुटे होतात

मुंबईत दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले; १९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेट आणि १९९० च्या दशकात केबल आली. प्रत सभागृहातून सुटून घरात पोहोचली, हा पहिला दुवा. मग बहुपडदा चित्रपटगृहांना राज्याने दिलेल्या करसवलतींमुळे मोठ्या एकपडदा सभागृहांचा हिशेब जुळेना. मेट्रो २००६ मध्ये अनेक पडद्यांचे झाले, न्यू एम्पायर बंद पडले, इरॉसही काही वर्षे अंधारात राहिले. टेबलाचा दुवा त्याहून आधी सैल झाला होता : दारूबंदीचे नियम शिथिल होत गेले तसे अनेक इराण्यांनी 'परमिट रूम', म्हणजे परवानाधारकांसाठीची मद्यशाळा, उघडणे पसंत केले, आणि काहींनी पुढच्या पिढीला रस नसल्याने गाळेच विकले. बस्तानी बंद झाली, कयानी राहिली.

दुसरीकडे जागतिक सिनेमाचा पुरवठा मात्र कधी नव्हता इतका वाढला. हृषीकेश मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मुंबईचा महोत्सव उभा केला, पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव २००२ मध्ये सुरू झाला आणि २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव गोव्यात पणजीला स्थिरावला, जेथे मांडवीच्या काठी खेळ आणि ताटातला मासा यांची सांगड घालणे कोणालाही अवघड जात नाही. युनेस्कोने २०१८ मध्ये मुंबईच्या गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला तेव्हा रीगल आणि इरॉस त्यात होते. इरॉसचा दर्शनी भाग राखून आत नवा मोठा पडदा बसवण्यात आला आणि २०२४ मध्ये ते पुन्हा उघडले. त्यामुळे सभागृहाची वास्तू वाचली, पण कार्यक्रम ठरवणारा स्वतंत्र मालक मागे पडला आणि त्याची जागा साखळीच्या वेळापत्रकाने घेतली.

या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. मुंबईचा प्रेक्षक परदेशी चित्रपटाला कधीच परका नव्हता; तो कधी चार आण्यांच्या तिकिटामुळे जवळ आला, कधी इंग्रजीमुळे दूर गेला, कधी वर्गणीच्या कार्डामुळे परत आला. आज प्रत हातातल्या यंत्रात असते आणि तिला बंदर, परवाना किंवा रीळ लागत नाही, त्यामुळे टंचाई प्रेक्षकाची नाही आणि चित्रपटाचीही नाही. धोबीतलावच्या नाक्यावर मेट्रोच्या दाराबाहेर उभे राहिले तर समोर कयानीतील संगमरवरी टेबले अजून दिसतात. रस्ता ओलांडायला पूर्वी जेवढी पावले लागत तेवढीच आजही लागतात, मात्र खेळ संपल्यावर ती टाकायची की घरी जायचे, हे आता प्रत, परवाना किंवा दर ठरवत नाहीत, प्रेक्षक ठरवतो.